पडताळणीच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिण्याआधी

नांदेड-लातूरच्या आपल्या व्यापारी व कारागीर घरांतील मुले दुकान सोडून पोलीस, निमलष्करी भरतीला जातात. निवड झाली की चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो. कधी अटक, खटला, दंड, शिक्षा झाली होती का, असे त्यात विचारतात. कॉलेजात असताना गांजा ओढताना सापडलेला मुलगा इथे अडतो. घरचेच सांगतात, ‘‘नाही लिही, दंड भरून मामला मिटला.’’

मिटत नाही. गुन्हा पोलीस ठाण्याच्या दप्तरी असतो आणि चौकशी तिथेच होते. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले, की माहिती खरीच हवी. लपवल्यास नेमणूक रद्द होऊ शकते. किरकोळ प्रकरणात लपवाछपवीकडे काणाडोळा करण्याचा अधिकार नेमणाऱ्याला आहे. खरे लिहिले म्हणून नोकरी मिळेलच असेही नाही. तरी माझ्या हिशेबी खरे लिहिण्यातच तोटा कमी. मात्र विचारले तेवढेच लिहावे, न विचारलेले सांगण्याचे बंधन नाही.

मुलगा अजून नशेत असेल तर भरतीआधी उपचार बघा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतल्यास खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ती काढूनही घेतली जाते.