बागेच्या पोटात काय आहे?

उन्हाळ्यात घोडेगावच्या शिवारातली काळी रानं तडकतात. भेगा एवढ्या रुंद की मनगटापर्यंत हात आत जावा. मग पहिला दमदार पाऊस होतो, माती पोटभर पाणी पिते, फुगते आणि त्याच भेगा दिसेनाशा होतात. शेतकऱ्याला ही माती लाखमोलाची आहे; ऊस, कांदा, कपाशी, गहू सगळं तिच्यावर पिकतं. बांधकामाला मात्र ती स्वस्थ बसू देत नाही. पावसाळ्यात पाया वर उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते. भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी चीर चढत जाते, पेव्हर ब्लॉकची वाट लाटांसारखी वरखाली होते, फाटकाचं एक दार जमिनीला घासायला लागतं.

घोडेगाव हे नेवासा तालुक्यातलं, अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्गावरचं बाजाराचं गाव. इथला जनावरांचा बाजार नावाजलेला, कांद्याची आवक मोठी, आणि शनिशिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांची वर्दळ वेगळीच. अशी गावं आता निमशहरी होत चालली आहेत. मोकळी गायरानं आणि पटांगणं आक्रसली, आणि मुलांना खेळायला, म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी टेकायला बाग हवी ही मागणी ग्रामसभेत होऊ लागली. मागणी रास्तच आहे. पण बागेचं बोलणं निघालं की आपण झाडं, झोके, कारंजं आणि कमान यांच्याबद्दलच बोलतो. खर्च वाढतो तो बहुतेक वेळा जमिनीखाली, आणि तिथे काय आहे हे कुणी आधी पाहिलेलं नसतं.

बागेच्या बांधकामाचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्यायला हवं. दोन मजली इमारतीचं वजन मातीला थोडंफार दाबून धरतं. बागेतलं सगळंच हलकं असतं: कुंपणाची भिंत, चालायची वाट, स्वच्छतागृह, झोक्याचे खांब. फुगणाऱ्या मातीला हलकी वस्तू उचलणं सोपं जातं. त्यात बागेला रोज पाणी घालतात. हिरवळीखालची माती ओली, चार हातांवर वाटेखालची कोरडी. एकाच भिंतीचा एक भाग उचलला जातो आणि दुसरा जागेवर राहतो. भिंतीलगत मोठं होणारं झाड लावलं तर त्याची मुळं उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात आणि तिथली माती आकसते. म्हणजे शेजारच्या घराला जेवढा त्रास होत नाही तेवढा बागेला होतो.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच राज्यात अभ्यासला गेला. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर अनेक वर्षं काम केलं. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर बांधकाम आणि काळी माती यांच्यामध्ये घातला, तर खालचं फुगणं वरपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांसाठी ही पद्धत वापरली गेली. गावपातळीवर त्याचा साधा अर्थ असा, की काळी माती खोदून काढायची, योग्य प्रतीचा मुरूम थराथराने भरायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवायचा. हे अंदाजपत्रकात असेल तर प्रश्न मिटतो. नसेल, तर तीच बाब काम अर्धं झाल्यावर वाढीव खर्च म्हणून समोर येते.

माती किती फुगते हे कळायला फार मोठी यंत्रसामग्रीही लागत नाही. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग घेतात. शंभर मिलिलीटरच्या दोन काचनळ्यांपैकी एकीत पाणी आणि दुसरीत केरोसीन भरून एकेक भाग टाकतात. केरोसिनमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींत खाली बसलेल्या मातीची उंची वाचतात आणि फरकाची टक्केवारी काढतात. पाण्यातली माती केरोसिनमधल्या मातीच्या दुप्पट झाली असेल तर पाया कुठे आणि कसा घ्यायचा याचा विचार मुळापासून करावा लागतो. बागेच्या जागेत तीन-चार ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन ही तपासणी करायला जो खर्च येतो तो पूर्ण कामाच्या मानाने किरकोळ असतो. माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे: हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीला असला पाहिजे.

सरकारी कामाची पद्धत बाहेरच्या माणसाला किचकट वाटते, पण वाढीव खर्च कुठून शिरतो हे पाहायला ती समजून घ्यावीच लागते. अभियंता सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक करतो, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता होते, मग निविदा. बी-१ नमुन्याच्या निविदेत ठेकेदार अंदाजित रकमेपेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त दराने काम करणार ते लिहितो. काम सुरू झालं की प्रत्येक बाब मोजून मापन पुस्तिकेत, म्हणजे सगळे जिला एमबी म्हणतात तिच्यात, नोंदली जाते आणि त्यावर बिल निघतं. निविदेत नसलेलं काम करावं लागलं तर ती अतिरिक्त बाब. असलेल्याच बाबीचं परिमाण २५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर कलम ३८ लागतं आणि त्यापुढच्या परिमाणाचा दर चालू दरसूचीवरून काढला जातो. एकूण रक्कम मंजुरीच्या मर्यादेबाहेर गेली की सुधारित प्रशासकीय मान्यता. ती मिळेपर्यंत काम थांबतं, आणि उघडा पडलेला पाया एक पावसाळा तसाच खातो.

काही वाढ कुणाच्याच हातात नसते. शासकीय बांधकामांवरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. समजा, गावची २५ लाखांची बाग त्या वेळी निविदेत असेल, तर एकही वीट न वाढवता दीड लाख वाढले. सिमेंट, लोखंड, डिझेल यांचं तेच. अशा वाढीबद्दल ग्रामसेवकाला किंवा सरपंचाला धारेवर धरण्यात अर्थ नाही. खड्डा न घेता केलेल्या अंदाजपत्रकाबद्दल मात्र जाब विचारला पाहिजे.

पैसे कमी पडल्यावर काय कापलं जातं, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. कमान, नावाची कोनशिला आणि रंगीत दिवे सहसा वाचतात. कात्री लागते ती पाणी निघून जायच्या नाल्यांना, मुरमाच्या थराला, टाकीच्या आतल्या जलरोधक लेपाला. यातलं काहीही उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाही. दोन वर्षांनी दुरुस्तीचा प्रस्ताव येतो तो यांच्यामुळेच. कात्री लावायचीच असेल तर कमान पुढच्या वर्षावर ढकलावी. कमान नंतर उभारता येते, वाटेखालचा थर नंतर घालायचा तर वाट उखडावी लागते.

बागेच्या पोटात डोकावून पाहण्याची किंमत काय असते, याचं महाराष्ट्रातलं एक मोठं अलीकडचं उदाहरण मुंबईत मलबार हिलवर घडलं. हँगिंग गार्डन म्हणून ओळखलं जाणारं फेरोजशहा मेहता उद्यान म्हणजे खरं तर एका पाण्याच्या टाकीचं छप्पर आहे. शाळेच्या सहलीला समोरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट पाहून आपण या बागेत आलो असू, तेव्हा हिरवळीच्या खाली कोट्यवधी लिटर पाणी आहे याची कल्पनाही नसते. हा जलाशय १८८७ सालचा. क्षमता सुमारे १४.७ कोटी लिटर. दक्षिण मुंबईतल्या मोठ्या भागाला पाणी इथून जातं.

महापालिकेने हा जुना जलाशय पाडून नवा, सुमारे १९.१ कोटी लिटरचा बांधायचं ठरवलं. खर्च ६९८ कोटी. ३८९ झाडांवर परिणाम होणार होता, काही तोडून आणि काही दुसरीकडे लावून, आणि बाग काही वर्षं बंद राहणार होती. २०२३ मध्ये रहिवाशांनी विरोध केला. त्यांचा प्रश्न साधा होता: टाकी खरंच मोडकळीला आली आहे का, आणि हे आत उतरून कुणी पाहिलं आहे का? मग आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आणि स्थानिक तज्ज्ञ यांची समिती नेमली गेली. जलाशयाला पाच कप्पे आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कप्पे रिकामे करून समितीने आत जाऊन पाहणी केली, त्यासाठी शहराच्या काही भागांत पाणीकपातही झाली.

या पाहणीनंतरही एकमत झालं नाही, आणि ते स्वाभाविकच होतं. सध्याच्या बांधकामाची दुरुस्ती पुरेशी आहे असं काहींचं मत पडलं. दुरुस्तीच्या काळात पाणीपुरवठा चालू ठेवायला जादा टाकी लागेल, असाही मुद्दा पुढे आला. नंतर आयआयटी रुरकीची मदत घेतली गेली आणि २०२४ मध्ये पुनर्बांधणीची योजना मागे पडली. जलाशय दुरुस्त करायचं ठरलं. बाग राहिली, झाडं राहिली.

मला यात रहिवाशांच्या विजयापेक्षा कामांचा क्रम जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी ६९८ कोटींचा आराखडा झाला, नंतर टाकी रिकामी करून आतून पाहिली गेली. हा क्रम उलटा असता तर वर्षभराचा वाद आणि नागरिकांचा अविश्वास दोन्ही टळले असते. संरचनात्मक तपासणीत काय करतात? काँक्रीटवर रिबाउंड हातोडा मारून पृष्ठभागाचा कठीणपणा बघतात, ध्वनिलहरी पाठवून आतल्या पोकळ्या शोधतात, काही ठिकाणी नळीसारखा गाभा कापून प्रयोगशाळेत दाबून तोडतात, सळई असेल तर किती गंजली ते मोजतात. शंभर वर्षांपूर्वीचं दगडी काम असेल तर चुन्याच्या सांध्यांतून पाणी कुठे झिरपतं ते पाहतात. केवळ वयावरून बांधकाम निकामी ठरत नाही.

छपरावरच्या बागेची कथा जगात इतरत्रही आहे. शिकागोतलं मिलेनियम पार्क वाहनतळ आणि रेल्वेमार्गांवर उभं आहे. मूळ अंदाज १५ कोटी डॉलरचा, शेवटी ४७.५ कोटी लागले, आणि २००० सालासाठी ठरलेली बाग २००४ मध्ये उघडली. तिथला शिल्पकार अनीश कपूर यांचा चकचकीत ‘क्लाउड गेट’ ६० लाख डॉलरमध्ये होणार होता, तो २.३ कोटींवर गेला. पण तिथल्या वाढीचा मोठा वाटा नव्या कल्पना जोडत गेल्यामुळे आला, आणि खाजगी देणगीदारांनी मोठा भार उचलला. शेजारच्या मॅगी डेली पार्कचं कारण तर मलबार हिलच्या जवळचं आहे. तिथली जुनी बाग उकरावी लागली, कारण खालच्या वाहनतळाच्या छतावरचा जलरोधक थर बदलायचा होता. तो थर बदलताना वर नवी बाग करायची संधी शहराने घेतली आणि २०१४ च्या अखेरीस ती खुली झाली. जलरोधक थराला आयुष्य असतं, तो कधीतरी बदलावा लागणार, हे छपरावर बाग करतानाच हिशेबात धरायला हवं.

आपल्याकडे जवळचं उदाहरण पैठणचं. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी केलेलं संत ज्ञानेश्वर उद्यान नेवासा, शेवगाव, पैठण परिसरातल्या कित्येक पिढ्यांच्या सहलीचं ठिकाण. धरणाच्या पायथ्याशी बाग असली की गोदावरीच्या पुराशी तिचं नातं जुळतंच. २००६ च्या पुरात पैठणने ते पाहिलं. एवढ्या मोठ्या बागेला बांधण्यासाठी एकदा निधी मिळतो, पण पंप, कारंजी, वाटा आणि विजेच्या तारा यांच्या देखभालीला दर वर्षी पैसे लागतात. देखभाल थांबली की काही वर्षांनी तिचंच नाव ‘पुनरुज्जीवन’ होतं आणि रक्कम कितीतरी पटींनी वाढते.

घोडेगावसारख्या गावात नवी बाग होणार असेल, तर ग्रामसभेत विचारायच्या गोष्टी यातूनच निघतात. चाचणी खड्डे घेतले का आणि मातीचा अहवाल कुठे आहे? वाटेखाली मुरूम किती जाडीचा आहे, आणि तो एमबीत थरानुसार मोजला जाणार का? पाणी बागेबाहेर कुठल्या नाल्याला सोडायचं? अंदाजपत्रक, मापन पुस्तिका, बिलं ही कागदपत्रं माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून मागता येतात, आणि काम चालू असतानाच मागणं चांगलं. मुरुमावर पेव्हर बसल्यावर जाडी सांगायला फक्त कागद उरतो.

दोष दायित्वाचा कालावधी हाही तितकाच कळीचा मुद्दा. या काळात काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं आणि त्यासाठी त्याची अनामत रक्कम राखून ठेवलेली असते. काळ्या मातीवर हा कालावधी किमान दोन पावसाळे आणि त्यांच्यानंतरचे दोन उन्हाळे धरूनच असावा. फेब्रुवारीत पूर्ण झालेलं काम पुढच्या फेब्रुवारीला चांगलंच दिसतं. मातीला आकसायला मे महिना लागतो. अनामत परत करण्याआधीची शेवटची संयुक्त पाहणी म्हणूनच मे महिन्यात व्हावी, भिंतीजवळ उभं राहून, हातात अंदाजपत्रकाची प्रत घेऊन.