जठरातला जंतू: औषध चौदा दिवसांचे, पथ्य साधे

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा मळसूत्री आकाराचा जिवाणू जठराच्या अस्तरावरच्या श्लेष्मल थरात राहतो. जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू मरतात. हा मात्र युरियापासून अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीच्या आम्लाचा जोर मोडतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे तो प्रयोगशाळेत वाढवला. अल्सर, म्हणजे पोटातला व्रण, या जंतूमुळे होऊ शकतो हे त्यातून पुढे आले आणि तो तिखटामुळे किंवा काळजीमुळे होतो, ही समजूत मागे पडली. या शोधाला २००५ चे नोबेल मिळाले.

लागण बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात होते. दाटीची वस्ती आणि दूषित पाणी तिला हातभार लावतात. शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हात धुवायलाही पाणी मोजून वापरावे लागत असेल, तर स्वच्छतेचा नुसता उपदेश अपुराच नव्हे, अन्यायाचाही आहे.

लागण झालेल्या बहुतेकांना त्रास होत नाही. काहींना पोटाच्या वरच्या भागात जळजळ होते, उपाशीपोटी किंवा रात्री दुखते, पोट फुगते. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण घटणारे वजन ही धोक्याची चिन्हे आहेत; अशा वेळी दुर्बिणीने तपासणी लांबवू नये. एरवी श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने निदान होते. पित्ताची गोळी तपासणीआधी डॉक्टरांना विचारून दोन आठवडे थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो.

उपचारात आम्ल कमी करणारे औषध आणि किमान दोन प्रतिजैविके, बहुधा चौदा दिवस, एकत्र देतात; काही वेळा बिस्मथ हे औषधही असते. त्याने शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. बऱ्याचदा काही दिवसांतच जळजळ थांबते आणि इथेच घोटाळा होतो: गोळ्या सुटतात, उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांना पूर्ण औषध सोबत बांधून देणे म्हणूनच गरजेचे आहे. औषध संपल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

कोणत्याही आहाराने हा जंतू मरत नाही. आहाराचे काम पोटाला आराम आणि अंगाला बळ देणे एवढेच. भाताची पेज, नाचणीची भाकरी, मऊ भात आणि वरण, अंडे हे सारे चालते. महागड्या पावडरी लागत नाहीत. तिखट सोसत नसेल तरच कमी करावे. खायच्या सोड्याने आणि दुधाने तात्पुरते बरे वाटते, रोग जात नाही. टेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक चालू असताना ती गोळी दुधाबरोबर घेऊ नये. मोहाची असो वा दुकानातली, दारू बंद ठेवावी; मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकावर ती घेतल्यास मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. तंबाखू, विडीही सोडावी. अंगदुखीवर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेण्याची सवय अल्सरला फार घातक. ती डॉक्टरांना न विचारता घेऊच नये.