दगडाला बिलगणारा पाहुणा

अमृतवाहिनी प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते. सह्याद्रीतल्या अशा खळाळत्या पाण्यात दगडांना बिलगून राहणारे बोटाएवढे मासे असतात. इंग्रजीत त्यांना लोच म्हणतात. त्यांतल्या एका जातीचे वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याकडच्या माशांवरून केले. दुकानांतून मिळतात ते बहुधा चीन-व्हिएतनामकडचे, अंगाने चपटे. ‘पेटी आपोआप साफ ठेवतो’ असे सांगून दुकानदार तो गळ्यात मारतो, आणि बिचारा महिन्या-दोन महिन्यांत उपासमारीने मरतो! काचेवरचे शेवाळ संपल्यावर त्याने खावे काय? वर टाकलेले खाणे इतर मासे वरच फस्त करतात.

उपाय सोपा आहे. नदीतले गुळगुळीत गोटे पाण्याच्या पसरट भांड्यात घालून उन्हात ठेवा. डास होऊ नयेत म्हणून वर जाळी बांधा. गोट्यांवर हिरवा थर चढला की एक पेटीत ठेवावा, चाटून झालेला पुन्हा उन्हात. शिवाय दिवा मालवल्यावर तळाशी बुडणारे खाणे थोडेसे टाकावे. उरलेले सकाळी काढायला मात्र विसरू नका. घाण पाणी याला मुळीच सोसत नाही.

पंपाने पाण्याला चांगली धार हवी. नगरच्या उन्हाळ्यात पेटीचे झाकण काढून जाळी लावावी आणि वरून पंखा सोडावा. जाळी हवीच, कारण हे महाशय काचेवरून चढून बाहेर पडतात. भंडारदऱ्याच्या सहलीतून मासे मात्र आणू नयेत; कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात त्याला बंदी आहे. आणि दुकानातला मासा नकोसा झाला, तरी तो प्रवरेत सोडू नये.