बोटं पांढरी पडतात तेव्हा

मैत्रिणींनो, थंडीच्या दिवसांत सकाळी नळाखाली तांदूळ धुताना तुमची बोटं कधी पांढरीफटक पडली आहेत का? नुसती गार नव्हे हं! पांढरी, बधिर, मग निळसर आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकणारी. तसं होत असेल, तर "काय बाई नाजूक!" हा शेरा तुम्हांला नवा नसणार. मला तरी नाही. डिसेंबरात आमच्या नाशिकला सकाळच्या शाळेत हातात खडू आहे की नाही, हे मला बघून ठरवावं लागतं.

या नाजूकपणाला नाव आहे. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली प्रबंधात याचं वर्णन केलं, म्हणून याला 'रेनो' म्हणतात. गारठ्यानं बोटांतल्या रक्तवाहिन्या सगळ्यांच्याच आकसतात. आपल्या इतक्या आवळतात की काही वेळ रक्त पोचेनासंच होतं. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास जास्त. मनावर ताण आला तरी होतो. (शाळा तपासणीच्या दिवशी मला थंडी लागतच नाही!)

अशा वेळी कढत पाण्यात हात मुळीच बुडवू नका. बधिर बोटांना चटका कळत नाही. कोमट पाणी घ्या, नाहीतर हात सरळ काखेत धरा. फ्रीजमधलं पातेलं काढताना मी कापडी हातमोजा घालते. घरचे हसतात, हसू देत. पण नुसत्या हातमोज्यांनी भागत नाही. अंगाला गार वाजलं तरी बोटं आवळतात, तेव्हा स्वेटर आणि पायमोजे आधी.

हे तरुणपणीच सुरू झालं असेल आणि दोन्ही हातांना सारखंच होत असेल, तर बहुधा काळजीचं कारण नसतं. मात्र तिशीनंतर पहिल्यांदाच झालं, एकाच हाताला झालं, बोटांच्या टोकांना जखमा झाल्या, सांधे दुखू लागले किंवा कातडी ताठर वाटली, तर डॉक्टरांना दाखवाच. संधिवाताच्या जातीच्या एखाद्या आजाराची ही पहिली खूण असू शकते. रक्तदाबावरच्या आणि अर्धशिशीवरच्या काही गोळ्यांनीही हे वाढतं. घेत असाल तर सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका.

एक अडचण मात्र येते. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बोटं शहाण्यासारखी गुलाबी होऊन बसतात! म्हणून पांढरी पडतील तेव्हाच घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि मोबाइलवर फोटो काढून घ्या.