बाई संगणकाला का बिचकतात?

पाचवीचा वर्ग. लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर भिंतीवर नुसताच निळा चौकोन पाडतो आहे. अपूर्णांकांचा धडा सुरू व्हायला हवा, पण चित्र काही येत नाही. पन्नाशीच्या बाई माउस हलवतात, चष्मा वर-खाली करतात, पुन्हा माउस हलवतात. मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘‘बाई, तिथं नाही, खाली क्लिक करा!’’ वर्ग हसतो. त्या हसण्यात दुष्टावा नसतो. तरी बाई प्रोजेक्टर बंद करतात, खडू उचलतात आणि फळ्यावर भाकरी काढून तिचे चतकोर करत तोच धडा असा शिकवतात, की हसणारी पोरंही गप्प होतात. शाळाभेटीच्या वहीत मात्र शेरा पडतो : डिजिटल साधनांच्या वापराबाबत उदासीन.

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत घडू शकेल, असा हा प्रसंग. त्यातला शेरा तेवढा चुकीचा आहे.

माणूस दुसऱ्यांच्या नजरेसमोर काम करतो, तेव्हा त्याचे शरीर सावध होते. नाडी वाढते, तळहातांना घाम येतो. या सावधपणाचा कामावर काय परिणाम होतो, याचा उलगडा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये केला. अंगवळणी पडलेले काम प्रेक्षकांपुढे अधिक चांगले होते. नवखे काम मात्र बिघडते. पुढे १९६९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर पडताळून पाहिले. उजेडापासून सरळ रेषेत पळायचे असेल, तर बघ्या झुरळांच्या उपस्थितीत झुरळ जास्त वेगाने पळाले. वाटेत वळण घेऊन बाहेर पडायचे होते, तेव्हा मात्र बघे असताना त्याला जास्त वेळ लागला.

बाईंचे नेमके हेच झाले. फळा ही त्यांची पंचवीस वर्षांची सरळ वाट. तिथे चाळीस डोळ्यांच्या जोड्या बळ देतात. संगणक हे वळण, आणि ते शिकण्याची पाळी त्याच चाळीस जणांसमोर येते. शिकाऊ डॉक्टरची पहिली सलाइन नातेवाइकांच्या घोळक्यात नीट लागते का, हे सरकारी रुग्णालयातल्या कोणत्याही सिस्टरना विचारावे.

डोळ्यांचा प्रश्न तर कुणी विचारातच घेत नाही. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि जवळचे अंधूक दिसू लागते. त्यासाठी दिलेला वाचनाचा चष्मा पुस्तकाच्या, म्हणजे साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर अंतरासाठी असतो. संगणकाचा पडदा असतो ५० ते ७० सेंटिमीटरवर. ज्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा, त्यांना खालच्या भागातून पडदा पाहण्यासाठी हनुवटी वर उचलावी लागते. अर्धा तास असे बसले, की मान आणि खांदे बोलू लागतात. शिवाय एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा लवणारी पापणी पडद्याकडे टक लावल्यावर निम्म्याहूनही कमी वेळा लवते. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. ‘मला ते जमत नाही’ या वाक्यात कितीदा ‘मला ते दिसत नाही’ एवढाच अर्थ असतो. तंत्रस्नेही शिक्षकांच्या प्रशिक्षणात पासवर्ड कसा बदलायचा ते सांगतात. चष्म्याचा नंबर कधी तपासला होता, हेही एकदा विचारायला हरकत नाही.

मात्र सगळा दोष शरीरावर टाकणेही बरोबर नाही. एखादे तंत्र माणूस का स्वीकारतो, याचा अभ्यास करून फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन गोष्टी पुढे आणल्या : ते उपयोगी वाटते का आणि सोपे वाटते का. त्यांत उपयोगाचे पारडे जड निघाले. आता शाळेतल्या संगणकाकडे बाईंच्या जागी बसून पाहा. त्यांची त्याच्याशी ओळख धड्यातून झालीच नाही. ती झाली ‘सरल’ आणि ‘यूडायस’मध्ये माहिती भरताना, ती वेळेत गेली नाही म्हणून विचारणा होताना. अशा यंत्राबद्दल माया कुठून यायची?

आणि त्यांची शंका अगदीच निराधार नाही. बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ संगणकावर दिले, तेव्हा त्यांचे गणित सुधारले. याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकांत पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. पण त्यांचेच सहलेखक ली लिंडन यांनी गुजरातमधल्याच ‘ज्ञानशाळा’ संस्थेच्या वर्गांत दोन पद्धती ताडून पाहिल्या. संगणक शाळेच्या वेळेबाहेर, जादा म्हणून दिला तेव्हा मुलांना फायदा झाला. शिक्षकांच्या शिकवण्याचा वेळ कापून दिला तेव्हा मुले उलट मागे पडली. खडू उचलणाऱ्या बाईंना हे अहवाल न वाचताच ठाऊक असते.

मग धीर कसा येतो? अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की आत्मविश्वासाचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे स्वतःच्या हातून काम फत्ते होणे. त्याखालोखाल, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणे. तिशीतल्या तज्ज्ञाने भराभर सरकवलेल्या स्लाइड यांपैकी कशातच बसत नाहीत. शेजारच्या शाळेतल्या पन्नाशीच्याच बाईंनी एक धडा लावून दाखवला, आणि मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तोच धडा चार वेळा लावून पाहिला, तर पाचव्या वेळी मुले समोर असली तरी बिघडत नाही.

चष्म्याचे काम त्याहून सोपे आहे. नेहमीच्या खुर्चीत बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून नेत्रतपासणीला न्यावा. त्या अंतराचा वेगळा चष्मा मिळतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. चाळिशीचा नंबर वर्षा-दोन वर्षांनी हळूहळू बदलतो. तो महिन्याभरातच वर-खाली होऊ लागला, तर चष्मा बदलण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्यावी.