चिंक्वे तेर्रेत मुक्काम कुठं करावा?

१८२२ च्या वसंतात कवी शेली आणि त्याची पत्नी मेरी इटलीत ला स्पेत्सियाच्या आखाताकाठी उन्हाळ्यापुरतं घर शोधत होते. सोबत विल्यम्स हे मित्राचं कुटुंब. हवी होती दोन घरं. सगळा किनारा पालथा घातल्यावर राहण्याजोगं मिळालं एकच, सान तेरेन्झो गावातलं कासा मान्यी. तळमजल्यावर होड्या ठेवायच्या, समोर थेट समुद्र. अखेर दोन्ही कुटुंबं त्याच घरात दाटीवाटीनं राहिली. त्याच वर्षी ८ जुलैला शेली समुद्रात बुडाला आणि त्या घराचं नाव साहित्याच्या इतिहासात गेलं.

म्हणजे या किनाऱ्यावर जागेची टंचाई जुनीच आहे. आखाताच्या पश्चिमेला डोंगर ओलांडला की मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावं लागतात. सगळं जग त्यांना चिंक्वे तेर्रे म्हणून ओळखतं. पाचही गावांची कायमची वस्ती मिळून चार हजारांच्या आत आहे आणि उन्हाळ्यात तिथं जगभरातून माणसं लोटतात. मागणी वाढली की बाकीच्या जगात इमारती उभ्या राहतात. इथं ते शक्य नाही. डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्याच्या अंगावर शेकडो वर्षं माणसांनी चुना-माती न वापरता दगडावर दगड रचून, कोकणातल्या गडग्यांसारखे बांध घातले आणि त्यांच्या आधारानं टप्प्याटप्प्यांवर द्राक्षवेली लावल्या. १९९७ साली हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, १९९९ साली राष्ट्रीय उद्यान झाला. नवं बांधकाम जवळपास अशक्यच. त्यामुळे आहेत त्या घरांमधल्या खोल्याच पर्यटकांच्या वाट्याला येतात.

मोठी हॉटेलं थोडी, तीही बहुतेक मोंतेरोस्सोत. बाकी गावांत मुख्यतः ‘आफित्ताकामेरे’, म्हणजे घरमालकानं भाड्यानं दिलेल्या चार-सहा खोल्या, नाहीतर स्वयंपाकघरासकट अख्खं छोटं घर. इथं खोली निवडताना माणसं फोटोतला समुद्र बघतात. पायऱ्या किती हे आधी विचारावं, समुद्र नंतर बघावा, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. सोबत आई-वडील असतील तर फारच.

कोर्निलियाचंच बघा. पाचांपैकी बंदर नसलेलं हे एकमेव गाव, समुद्रापासून जवळपास शंभर मीटर उंच कड्यावर वसलेलं. रेल्वे स्टेशन मात्र खाली, रुळांच्या पातळीवर. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर विटांचा नागमोडी जिना दिसतो. त्याचं नाव लार्दारिना. पायऱ्या सुमारे ३८०. रिकाम्या हातानं, थांबत थांबत चढायला तो सुंदर आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वेली, आणि प्रत्येक वळणावर धापा टाकत उभी असलेली, एकमेकांकडे बघून हसणारी माणसं. पण जुलैच्या उन्हात, वीस किलोची चाकांची बॅग घेऊन? स्टेशनपासून गावात जाणारी छोटी बस आहे. तिच्या वेळा घरमालकाकडून आधीच विचारून घ्याव्यात. उंचीमुळे दिवसाची गर्दी इथं त्यातल्या त्यात कमी असते आणि खोली मिळण्याची शक्यता थोडी जास्त. पायांत बळ असेल तर माझी पसंती कोर्निलियालाच.

रिओमाज्जोरेत घरं उंच आणि अरुंद. उतार इतका तीव्र, की खालच्या गल्लीतून एका मजल्यावर शिरायचं आणि मागच्या गल्लीत दुसऱ्याच मजल्यावरून बाहेर पडायचं. मानारोलाच्या मुख्य रस्त्यावर होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात. वेर्नात्साचं छोटं बंदर पाचांत सर्वांत देखणं. २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत हेच गाव आणि मोंतेरोस्सो चिखलाखाली गेलं होतं. ओस पडलेल्या शेतांमधले बांध ढासळले की पाणी आणि माती अडवायला काही उरत नाही. रिओमाज्जोरे, मानारोला आणि वेर्नात्सा या तिन्ही गावांत घरात लिफ्टची अपेक्षा धरू नये. समुद्र दिसणारी खोली म्हणजे बहुधा सर्वांत वरची खोली.

गुडघे दुखणारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर मोंतेरोस्सो बरं. त्यातल्या त्यात सपाट आणि खऱ्या अर्थानं वाळूचा किनारा असलेलं हे गाव. पुढे १९७५ साली साहित्याचं नोबेल मिळवणारा कवी एउजेनिओ मोंताले जेनोआत वाढला, पण त्याच्या लहानपणीचे उन्हाळे इथल्या कौटुंबिक घरात गेले. अर्थात सोयीचं गाव महागही असतं. किनाऱ्याचा बराच भाग भाड्यानं मिळणाऱ्या छत्र्या-खुर्च्यांनी व्यापलेला असतो, तोही खर्च धरून चालावा.

पाच गावांत जागा नसेल किंवा भाडं परवडत नसेल तर बाहेर मुक्काम करून गाडी धरावी, आणि गाडी म्हणजे रेल्वेच. मोटार गावात नेता येत नाही, वेशीबाहेरच ठेवावी लागते आणि पार्किंगचे दर जबर आहेत. ला स्पेत्सिया ते लेवान्तो या मार्गावर हंगामात सारख्या लोकल धावतात. एका गावातून दुसऱ्यात जायला काही मिनिटं पुरतात. ला स्पेत्सिया हे नौदलाचं मोठं शहर. तिथं खोल्या भरपूर आणि तुलनेनं स्वस्त. पण क्रूझची जहाजंही तिथंच लागतात, म्हणजे सकाळी तुम्ही आणि जहाजातली माणसं एकाच फलाटावर. दुसऱ्या टोकाचं लेवान्तो मला जास्त आवडतं. स्वतःचा मोठा किनारा, खरीखुरी बाजारपेठ, सपाट रस्ते, आणि मोंतेरोस्सो एका स्टेशनावर. रात्रीची शेवटची गाडी किती वाजता आहे, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

आता वेळ. इटलीत सगळा देश ऑगस्टमध्ये सुट्टीवर जातो आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाला किनाऱ्यावर कळस होतो. त्या आठवड्यात खोली शोधणं म्हणजे निव्वळ मनस्ताप. आपली उन्हाळी सुट्टी पडते मे महिन्यात, आणि हा मराठी कुटुंबांचा मोठाच फायदा आहे. हवा सुखाची, डोंगर हिरवे, भाडं ऑगस्टपेक्षा कमी. पाणी मात्र अजून गार असतं, डुंबायची हौस असेल तर थोडी निराशा होईल. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या इटलीच्या राष्ट्रीय सुट्ट्या. त्यांना जोडून येणारे शनिवार-रविवार टाळावेत.

भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा द्यावा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणून बुकिंग लवकर करावं, पण व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतील असंच करावं. थोडे पैसे वाचतात म्हणून परत न मिळणारं बुकिंग करण्याचा मोह आवरावा.

१ जानेवारी २०२५ पासून इटलीत अल्प मुदतीनं भाड्यानं दिलेल्या प्रत्येक जागेला ‘चिन’ नावाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक बंधनकारक आहे. तो जाहिरातीत छापलेला हवा आणि दारापाशीही लावलेला हवा. क्रमांक नसेल तर ती जागा सोडून द्यावी. घरमालकाला पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, त्यामुळे पासपोर्ट मागितला तर बिचकू नये. माणशी दर रात्रीचा मुक्काम कर बऱ्याचदा तिथं पोचल्यावर वेगळा द्यावा लागतो, तोही रोख. सुटे युरो जवळ असावेत.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. घर महिन्याच्या भाड्यानं देण्यापेक्षा रात्रीच्या भाड्यानं देणं फायद्याचं झालं, की गावातल्या तरुण जोडप्याला राहायला जागा उरत नाही. द्राक्षांच्या बांधांची डागडुजी करणारे हातही मग कमी होतात. दिवसभर हिंडून संध्याकाळी निघून जाणाऱ्या गर्दीतून गावाच्या हाती फारसं लागत नाही. त्यापेक्षा एकाच ठिकाणी चार-पाच रात्री राहावं, खोली शक्यतो गावातच राहणाऱ्या मालकाकडून घ्यावी, भाजी आणि स्थानिक वाइन तिथल्या दुकानातून घ्यावी. असा पाहुणा तिथं हवासा असतो. शिवाय सकाळची पहिली गर्दी उतरण्याआधी पायवाटा आपल्याच असतात.

आणि लेवान्तोही भरलेलं निघालं तर त्याच्या शेजारचं बोनास्सोला बघावं. बरंच लहान गाव, मराठी प्रवाशांच्या यादीत सहसा नसणारं. रेल्वेचा जुना किनारी मार्ग बंद झाल्यावर त्याच्या बोगद्यांतून पायी आणि सायकलनं जाण्यासाठी सपाट रस्ता केला आहे. बोगद्याच्या गारव्यातून, मध्येच उघडणाऱ्या झरोक्यांतून समुद्र बघत अर्ध्या-पाऊण तासात लेवान्तोला चालत पोचता येतं, आणि तिथून पाच गावांची लोकल पकडता येते.