खिळ्यापासून संकेतांकापर्यंत : संगणकातील मराठी अक्षर

मराठी छपाईचा इतिहास सांगताना गिरगाव आणि काळबादेवी या वस्त्यांना वगळून चालत नाही. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील देवनागरी खिळ्यांची सुबकता देशभर नावाजली गेली. पुढील शतकात गिरगावातील खटाववाडीच्या मौज छापखान्याने निर्दोष मुद्रणाचा आदर्श घालून दिला.

या छापखान्यांतील जुळारी केसच्या घराघरांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. कोणता खिळा कोणत्या घरात आहे, हे त्याच्या बोटांना पाठ असे. दुसऱ्या छापखान्यातील घरांची मांडणी निराळी असली, तरी वाचकाचे त्यात काही बिघडत नसे. कारण त्याच्या हाती पडे तो छापलेला कागद. संगणकाच्या बाबतीत मात्र ही मांडणीच कळीची ठरली. संगणकाद्वारे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातात ते घरांचे क्रमांक. अक्षराची आकृती पलीकडचा संगणक त्यावरून पुन्हा तयार करतो.

अक्षर म्हणजे क्रमांक

संगणकाला अक्षर कळत नाही, अंक कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक संकेतांक द्यावा लागतो. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘अ‍ॅस्की’ या संकेतावलीत १२८ जागा होत्या. त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे सामावली. देवनागरीला जागा नव्हती. त्यामुळे टंक तयार करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकृत्या बसविल्या. ‘कृतिदेव’ या टंकात ‘क’ हे अक्षर इंग्रजी ‘डी’च्या घरात आहे. अन्य टंकांनी आपापली सोय वेगळी पाहिली.

परिणाम असा झाला की, पडद्यावर मराठी दिसणारा मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजीच राहिला. तोच टंक नसलेल्या कचेरीत पत्र उघडले की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता दिसे. अशा मजकुरात नाव शोधता येत नाही आणि यादी वर्णानुक्रमे लावता येत नाही.

भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतावली प्रमाणित केली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावून घेऊ पाहणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५, टंक कोणताही असो, तो बदलत नाही. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा युनिकोड टंक ‘विंडोज २०००’ या प्रणालीबरोबर उपलब्ध झाला आणि युनिकोड मराठीची वाट सामान्य कचेऱ्यांना मोकळी झाली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा लिहिण्याची रीत आहे. हिंदीत त्यांची वळणे वेगळी आहेत. हा प्रश्न आकृतीचा, म्हणजे टंकाचा होय. क्रमांक दोन्हीकडे एकच.

आज्ञावलीचा हिशेब

वाचकाला ‘शक्ती’ या शब्दात दोन अक्षरे दिसतात. आज्ञावली मात्र पाच संकेतांक मोजते : श, क, हलन्त, त आणि दीर्घ वेलांटी. अर्जातील नावासाठी ठरावीक अक्षरांची मर्यादा घालताना हा फरक विसरला गेला, तर मराठी नाव मध्येच तुटते. भ्रमणध्वनीवरील एका लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीचे ७० संकेतांकच मावतात. ग्रामसभेची सूचना धाडणाऱ्याने हे जाणून मजकूर लिहावा.

युनिकोडमुळे सर्व अडचणी संपल्या असेही नाही. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टंकलिखित होतो. दिसण्यात भेद नाही. पण संकेतांक भिन्न असल्याने साध्या शोधात एक रूप दुसऱ्याशी जुळत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तोवर ते अन्य रीतींनी लिहिले जाई आणि त्या रीतींचा मजकूर आजही दप्तरांत आहे. डोळ्यांना एकच दिसणारे नाव अशा वेळी आज्ञावलीला दोन व्यक्तींचे वाटते. निवृत्तिवेतनाच्या यादीत नाव असूनही ‘नोंद आढळत नाही’ असे उत्तर मिळाले, तर खेटे घालावे लागतात ते नागरिकाला.

कचेरीने काय करावे

उपाय कठीण नाहीत. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा आणि त्यासाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा प्रमाणित कळफलक शिकून घ्यावा. जुन्या टंकांतील दप्तर रूपांतर करून घेतल्यावर ते मूळ कागदाशी ताडून पाहावे. रूपांतरात जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात. नवी आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी ‘वऱ्हाड’सारखा शब्द दोन्ही रीतींनी लिहून तो शोधता येतो की नाही, हे तपासावे. भिन्न रूपे नोंदीच्या वेळीच एक करून घेणे हे आज्ञावली रचणाऱ्याचे काम आहे, आणि तशी अट घालणे हे काम सोपविणाऱ्या कचेरीचे.

शाळांनाही याचा लाभ आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचे प्रकाशन १९७६ साली सुरू झाले, तो मराठी विश्वकोश आज संगणकावर वाचता येतो आणि त्यातील हवा तो शब्द शोधता येतो. अक्षराला निश्चित क्रमांक मिळाल्यामुळेच हे साधले. छापखान्यात मुद्रितशोधकाची नजर फिरल्याखेरीज फर्मा यंत्रावर चढत नसे. संगणकावरील प्रत्येक नोंदीवर तशीच नजर फिरली, तर नागरिकाचे नाव दप्तरात नुसते राहणार नाही. हवे तेव्हा सापडेलही.